मुदत संपलेली किल्ली

३ मार्च, सोमवार

१५४ / ९६.

डॉक्टरांनी ही वही सुरू करायला लावली. रोज रक्तदाब मोजायचा, लिहायचा, आणि खाली त्या दिवशी काय घडलं ते दोन ओळींत. म्हणजे कशानं चढतो ते कळेल म्हणे. कशानं चढतो ते मला वही न लिहिताही ठाऊक आहे. पण गोळी वाढवून घेण्यापेक्षा वही परवडली. संध्याकाळी निघण्याआधी दहा मिनिटं इथेच कचेरीत बसून लिहीन. घरी नेली तर सासूबाई वाचतील आणि वर शुद्धलेखन तपासतील.

रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघं. मी काम करते आणि साहेब बैठकांना जातात. तळघरातली खोली, खिडकी नाही, यंत्रांची घरघर दिवसभर. चौदा वर्षं झाली.

आज हृदयविभागाच्या सर्जनबाई स्वतः खाली आल्या. त्या खाली येतात म्हणजे काहीतरी पेटलेलंच असतं. त्यांच्याकडे एक पेशंट आहे, सव्वीस वर्षांचा वेल्डर. दहा वर्षांचा असताना दुसऱ्या एका रुग्णालयात त्याच्या हृदयातलं भोक बुजवलं होतं. ते रुग्णालय कधीच बंद पडलं. आता त्याची झडप गळते आहे आणि पुन्हा छाती उघडावी लागणार. जुन्या कागदांत एका पानाचा सारांश आहे, त्यात सगळं छान छान लिहिलंय. पण आमच्याकडच्या तेव्हाच्या हृदयतज्ज्ञांनी, ते आता हयात नाहीत, फायलीच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, 'तपशील सर्जनच्या मेलमध्ये. जरूर पाहणे.' आणि तारीख.

"मला तो मेल हवाय," बाई म्हणाल्या. "स्कॅनमध्ये छातीचं हाड बांधलेल्या जुन्या तारांची चमक नेमकी नको तिथे आहे. दोन तपासण्यांचं एकमेकींशी जमत नाहीये. हाडाच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय करवत लावायची म्हणजे डोळे मिटून लावायची."

"कधीपर्यंत?"

"वीस तारखेला घेतेय. त्यापुढे तो थांबू शकत नाही."

मेल सापडला. पाच मिनिटांत. सोळा वर्षांपूर्वीचा, विभागाच्या पत्त्यावर आलेला, आणि कुलूपबंद. तेव्हा बाहेरच्या रुग्णालयांशी सगळा पत्रव्यवहार असाच चालायचा. आता तो उघडायला थोडा कोड लिहावा लागेल. उद्या होईल म्हणून सांगितलं.

४ मार्च, मंगळवार

१५० / ९४.

झालं नाही.

कोड साठ ओळींचा आहे, त्यात अवघड काही नाही. मेल वाचायचा, तो कोणत्या सर्टिफिकेटसाठी, म्हणजे कुणाच्या कुलपानं, बंद केलाय ते पाहायचं, त्याच्या जोडीची खासगी किल्ली काढायची, उघडायचं. चालवला की एकच उत्तर येतं, या पत्राला चालेल अशी किल्ली मिळाली नाही.

मग मी बंद पत्रांच्या वरचा भागच वाचणारा छोटा कोड लिहिला. आतला मजकूर बंद असला तरी कुणासाठी बंद केलाय तो अनुक्रमांक उघडाच असतो. विभागाच्या सगळ्या जुन्या मेलवर चालवला. तीन अनुक्रमांक निघाले, म्हणजे आजवर तीन सर्टिफिकेटं झाली. दोन्हींच्या किल्ल्या जागेवर आहेत. सगळ्यांत जुन्याची नाही. आणि वेल्डरचं पत्र अर्थातच जुन्यातलं.

माझ्या आधी हे काम मिशीवाल्यांकडे होतं, सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या काळातली कुठलीही वस्तू जागेवर सापडली तर मलाच आश्चर्य वाटतं. त्यांनीच कुठेतरी घोळ घातला असणार.

५ मार्च, बुधवार

१५२ / ९६.

वेल्डर स्वतः खाली आला. जिने उतरायची त्याला मनाई आहे, लिफ्टनं आलो म्हणाला. उंच, हडकुळा, हातांवर जळल्याचे बारीक ठिपके. दारात उभा राहून म्हणाला, "काय ताई, उघडलं का माझं पत्र?"

मी म्हटलं, काम चालू आहे.

"इतकं काय कुलूप आहे त्याला? मी कापून देतो. गॅस आणू का?"

हसू आलं. मग त्याला समजावून सांगितलं. आपण कुलपं सगळ्यांना वाटतो, ज्याला आपल्याला पत्र पाठवायचंय त्यानं आपलं कुलूप लावून पाठवायचं. किल्ली मात्र एकच आणि ती आपल्याकडे. म्हणून कुलूप कितीही हातांत फिरलं तरी हरकत नसते.

"आणि ती किल्ली हरवली तर?"

"तर पत्र उघडत नाही."

"दुसरी करून नाही मिळत?"

"नाही."

तो म्हणाला, "आई वर बसलीय. तिला सांगतो, होतंय म्हणून." तिला खरं सांगू नको असं मी म्हटलेलं नव्हतं. त्यानंच ठरवलं.

७ मार्च, शुक्रवार

१५८ / ९८.

मिशीवाल्यांना फोन केला. आवाज तसाच, खर्जातला. म्हणाले, "अहो, मी निघालो तेव्हा सगळ्या किल्ल्या मोजून दिल्या. यादीवर तुमची सही आहे. शोधा."

सही असेलही. निवृत्तीच्या दिवशी चहा चालू असताना कुणी काय पुढे केलं आणि मी कशावर सही केली, देव जाणे. पण असं ठामपणे बोलायची त्यांना सवयच आहे. चुकले तरी आवाज चढाच.

बॅकअपमध्ये पाहिलं. बॅकअप आम्ही एका वर्षाचेच ठेवतो. निष्कारण पसारा नको म्हणून मीच तो नियम करून घेतला होता. तीन वर्षांपूर्वी सगळ्या यंत्रांची साफसफाई केली तेव्हा तपासनीसांनी अहवालात खास उल्लेख केला होता की या विभागाइतकी नीटनेटकी व्यवस्था कुठे नाही. मुदत संपलेलं, वापरात नसलेलं सगळं मी एका यादीत घेतलं आणि एका फटक्यात काढलं. तेव्हाच मिशीवाल्यांचा हा घोळ लक्षात यायला हवा होता.

दुपारी ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. हे पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासतात, त्यामुळे कुणाची चूक काढायला फार आवडतं. पण आज, "यादीत काय काय होतं ते बघितलंस का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, यादी माझी आहे, मला माहीत आहे.

१० मार्च, सोमवार

१६६ / १०२.

यादी पाहिली.

एक्केचाळीस सर्टिफिकेटं. समोर माझ्या हातचा शेरा, 'मुदत संपलेली, किल्ल्यांसह काढून टाकणे.' खाली कोणी काढली, कधी काढली, किती सेकंद लागले. तीन सेकंद. सतराव्या ओळीत हृदयविभागाचं सगळ्यांत जुनं सर्टिफिकेट, तोच अनुक्रमांक.

मुदत संपली की त्या सर्टिफिकेटनं नवीन पत्र बंद करायचं नसतं. इतकंच. जुनी पत्रं उघडायला तीच किल्ली लागते, आज आणि पन्नास वर्षांनीही. हे मला ठाऊक आहे. नवीन लोकांना मीच शिकवते. आणि यादी करताना मी 'मुदत संपली' एवढाच रकाना पाहिला आणि झाडू फिरवला. मिशीवाले सात वर्षांत कधी काही टाकत नसत म्हणून मी त्यांना नावं ठेवायची. त्यांना फोन करून माफी मागायला हवी. करीन.

दुपारी साहेबांनी विचारलं, "काय झालं त्या मेलचं?"

"जुनी किल्ली उपलब्ध नाही," मी म्हटलं.

कचेरीत चौदा वर्षं काढल्यावर असं वाक्य आपोआप येतं. कुणी काही केलेलं नाही, किल्ली आपली उपलब्ध नाही, कुठे गेली असेल ती असेल. साहेबांनी मान डोलावली आणि बैठकीला गेले.

सर्जनबाईंनाही तसंच सांगितलं. त्यांनी खुर्चीवर डोकं मागे टेकलं. मग म्हणाल्या की ज्यांनी ते ऑपरेशन केलं ते डॉक्टर अजून आहेत, ऐंशीच्या आसपास, याच शहरात. त्यांना बाईंनी मागच्याच आठवड्यात फोन केला होता. "आठवत नाही म्हणाले. हजारो ऑपरेशनं केली, एक कसं आठवणार?"

बरोबर आहे. बिचाऱ्यांचं वय झालं. मला कालची भाजी आठवत नाही.

११ मार्च, मंगळवार

१६२ / १००.

काही झालं नाही. तोच साठ ओळींचा प्रोग्राम पुन्हा चालवला, जणू किल्ली रात्रीत उगवली असेल.

ताप नाही, दुखणं नाही, तरी हात उचलवत नाहीत. सकाळी ह्यांना म्हटलं, थकलेय. हे म्हणाले, "थकलेली नाहीस. घाबरलेली आहेस." मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय. सासूबाई ऐकू येत नसूनही म्हणाल्या, "तो बरोबर बोलतोय."

१२ मार्च, बुधवार

१५६ / ९६.

मी मूर्ख आहे. आज पहिल्यांदा हे आनंदानं लिहितेय.

त्या छोट्या कोडमध्ये मी प्रत्येक पत्राचा पहिलाच अनुक्रमांक वाचत होते. घाईत लिहिलं, पहिला घे आणि पुढे चल. पण एक पत्र अनेकांसाठी बंद करता येतं, प्रत्येकासाठी वेगळी नोंद असते. सकाळी सहज पूर्ण यादी छापून पाहिली. वेल्डरच्या पत्रावर दोन नोंदी आहेत! एक आमची. दुसरी पाठवणाऱ्याची.

अर्थात! पाठवणाऱ्याला स्वतःचं पाठवलेलं पत्र पुढे वाचता यावं म्हणून प्रोग्रामच त्याचीही नोंद घालतो. म्हणजे म्हाताऱ्या डॉक्टरांची किल्ली चालेल. त्या काळी डॉक्टरांची किल्ली एका कार्डवर असायची, बँकेच्या कार्डासारखं, पाठीवर चिप, वापरताना चार आकडे टाकायचे. तीनदा चुकले की कार्ड कायमचं बंद.

सर्जनबाईंना सांगितलं. त्यांनी मला मिठीच मारली, तीही हिरव्या कपड्यांत. मग फोन केला म्हाताऱ्यांना. ते म्हणाले, या उद्या.

१३ मार्च, गुरुवार

१६० / ९८.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार त्यांनीच उघडलं. ताठ उभे राहतात, पांढरा शर्ट इस्त्रीचा, घरात एकटेच. हात मात्र थरथरतात. खोलीत पुस्तकं कमी, भिंतीवर काही नाही. मी जुना लॅपटॉप आणि कार्ड वाचायचं यंत्र घेऊन गेले होते.

मी सगळं सांगितलं, दोन नोंदी, कार्ड, चार आकडे. त्यांनी मध्येमध्ये नेमके प्रश्न विचारले. मला वाटलं होतं तितके ते विसराळू नाहीत. पण कार्डाचं नाव काढलं तसे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"ते कार्ड केव्हाच हरवलं," म्हणाले. "घर बदललं तेव्हा."

"एकदा पाहाल का? ड्रॉवरमध्ये कुठे?"

"नाही. हरवलंय." मग, "त्या मुलाचं कसं आहे?"

मी म्हटलं, वेल्डिंग करतो, विनोदी आहे, जिने चढवत नाही. ते म्हणाले, "दहा वर्षांचा होता. ऑपरेशनच्या आधी मला विचारत होता, मास्क लावल्यावर तुम्हाला शिंक आली तर काय करता." आणि हसले.

हजारो ऑपरेशनांमधून त्यांना एवढंच कसं आठवलं कुणास ठाऊक. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. सासूबाईंना चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण माझ्या लग्नात कोण रुसलं होतं ते पाठ आहे.

खाली उतरताना मी दोनदा थांबले.

१४ मार्च, शुक्रवार

१६४ / १००.

सर्जनबाई म्हणाल्या, "ठीक आहे. तसंच जाईन. वीसलाच." त्यांचा आवाज मी असा सपाट कधी ऐकला नव्हता. मी विचारलं, धोका किती? म्हणाल्या, "तिथे काही नसेल तर काही नाही. असेल तर दोन मिनिटांत सगळं संपेल. आईला मी शक्यता सांगितली आहे. तिनं सही केली."

वर गेले तर आई बाकावर बसून मुलाच्या शर्टचं बटण लावत होती. ती घरी शिवणकाम करते. मला ओळखत नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, या कॉम्प्युटरवाल्या ताई." ती लगेच उभी राहिली. "बसा ना, दमलेल्या दिसताय." मी बसले नाही.

किल्ली होती. तीन सेकंदांत काढून टाकली, आणि आता त्या बाईनं कसल्याशा शक्यतेवर सही केली. हे आज इथे लिहिते कारण दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही.

१५ मार्च, शनिवार

सकाळी मोजायचं राहिलं. दुपारी १७०.

सुट्टी होती. तरी पुन्हा गेले त्यांच्याकडे, न विचारता. का गेले सांगता येणार नाही. ड्रॉवर मीच शोधून देते म्हणावं असं काहीतरी मनात होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचले तोवर छाती भात्यासारखी चालली होती. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, नाडी पाहिली. नाडी पाहताना त्यांचा हात थरथरत नव्हता.

मग समोर बसून म्हणाले, "एक सांगा. तुमच्या रुग्णालयाची स्वतःची किल्ली होती ना? ती कुठे गेली?"

'उपलब्ध नाही' तोंडावर आलं होतं. पण ते म्हणायलाही ताकद लागते आणि माझ्यात उरली नव्हती.

"मी काढून टाकली," मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वी. मुदत संपली होती म्हणून. काढायची नसते हे मला माहीत होतं. यादी करताना लक्षात आलं नाही."

"वरिष्ठांना सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"भीती वाटते. आणि लाज वाटते. सगळे मला चोख म्हणतात."

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

"म्हणजे पाच दिवस," ते म्हणाले. आणि हसले की काय कोण जाणे, तोंड वाकडं झालं. "पाच दिवस काहीच नाहीत हो."

त्यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. मी पाणी पीत राहिले. मग ते उठले, टेलिफोनच्या खालचा कप्पा उघडला आणि कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. शोधावं लागलंच नाही, वरच होतं. हरवलेली वस्तू इतक्या पटकन सापडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

लॅपटॉप आणायला पुन्हा कचेरीत जाऊन आले. टॅक्सीनं. कार्ड लावलं. पहिल्यांदा त्यांचं बोट घसरलं आणि आकडे चुकले. दोन संधी उरल्या. मी म्हटलं, सावकाश. दुसऱ्यांदा एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाकला. कार्डानं मान्य केले. मग माझाच प्रोग्राम अडून बसला. ज्या पद्धतीनं ते पत्र बंद केलंय ती आता कच्ची समजतात, नव्या सॉफ्टवेअरनं तिला हात लावायला साफ नकार दिला. खास परवानगीची एक ओळ घालावी लागली. ती शोधायला पाऊण तास गेला. ते तेवढा वेळ शेजारी बसून होते, एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मग उघडलं.

पेशंटचा मजकूर आम्ही वाचायचा नसतो, हा नियम आहे. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"तुम्हीच वाचा," ते म्हणाले. "मला पाठ आहे."

मी वाचलं. भोक बुजवताना हृदयावरून आडवी जाणारी एक रक्तवाहिनी त्यांच्या हातून कापली गेली होती. त्यांनी छातीच्या आतल्या अंगाची एक वाहिनी वळवून तिथे जोडली, मूल वाचलं. 'ही जोड हाडाच्या लगेच मागे, मध्यरेषेच्या किंचित डावीकडे आहे. पुढे कधी छाती उघडायची वेळ आली तर कृपया मधून उघडू नये. सारांशात मी हे लिहिलेलं नाही. आईवडिलांना सांगितलेलं नाही. तुमच्याकडे हा मुलगा तपासणीला येत राहील म्हणून तुम्हाला कळवून ठेवतो.'

मी वर पाहिलं. सोळा वर्षं, पाच दिवस, हे गणित मला लॅपटॉप ठेवायला कचेरीत परतताना टॅक्सीत उमगलं.

पत्र लगेच सर्जनबाईंना पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. एकच शब्द, 'मिळालं'.

१७ मार्च, सोमवार

१५६ / ९६.

बाईंनी सगळा आराखडा बदलला. आता बरगड्यांमधून, बाजूनं जाणार. म्हाताऱ्या डॉक्टरांना त्यांनी बोलावून घेतलं, बंद दाराआड तासभर. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आईला काय ते त्यांनीच सांगायचं. ऑपरेशननंतर. आता तिच्यावर आणखी ओझं नको." नंतर थोड्या वेळानं म्हणाल्या, "मधून गेले असते मी. अगदी तिथूनच."

२० मार्च, गुरुवार

मोजलं नाही.

सकाळी आठला वेल्डरला आत नेलं. जाताना म्हणाला म्हणे, "शिंक आली तर तोंड फिरवा हं." मी दिवसभर खाली बसून एकही काम केलं नाही. अडीचला बाईंचा निरोप आला. जोड जिथे लिहिली होती तिथेच होती. धडधडत होती. झडप बसली. मुलगा ठीक.

संडासात जाऊन रडले. मग तोंड धुऊन मिशीवाल्यांना फोन केला. यादीचं सांगितलं, माफ करा म्हटलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो." बाकी कुणाला सांगितलंत का, असं त्यांनी विचारलं नाही.

२४ मार्च, सोमवार

१६८ / १०२.

ऑपरेशन झालं, मुलगा बरा होतोय, तरी आकडा वरच. डॉक्टरांना दाखवायला हवी ही वही.

साहेबांनी शुक्रवारी सगळ्या विभागांना पत्र पाठवलंय. जुनी किल्ली उपलब्ध नसताना केवळ चिकाटीनं आणि कल्पकतेनं, वगैरे. माझं नाव दोनदा. पुढच्या महिन्यात संचालकांच्या हस्ते सत्कार. जिन्यात, लिफ्टमध्ये लोक अभिनंदन करतात. मी आभारी आहे म्हणते. आज अकरा वेळा म्हटलं.

पत्र काल घरी ह्यांना दाखवलं. मला वाटलं शुद्धलेखनाच्या चुका काढतील. दोनदा वाचून घडी घालून परत दिलं. "छान आहे," म्हणाले. "यातली फक्त एक ओळ बरोबर नाही." कुठली ते मी विचारलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

हे वॉर्डच्या बाहेर, जिन्यातच बसून लिहितेय.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला पत्राची छापील प्रत आणायला सांगितली होती. प्रत्येक पानावर सही करून ती फायलीत लावायची होती त्यांना, उघडी, कुलूप नसलेली. म्हणून मी तिथे होते. भेटायला येणाऱ्यांची छोटी खोली, चार खुर्च्या, एक टेबल. आई आली. त्यांना पाहून तिचा चेहरा फुलला. सोळा वर्षांनी ओळखलं तिनं.

ते उभे राहिले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. गोल गोल नाही. माझ्या हातून कापली गेली, मी जोडली, मी तुमच्यापासून लपवलं. या महिन्यातही आठवत नाही म्हणालो, ते खोटं होतं. मग खाली बसले.

आईनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, कापडाची शिवण पाहावी तसं.

"त्या दिवशी तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, सगळं छान झालं."

"हो."

"मी तुमचा हात धरून रडले होते."

"हो."

"सोळा वर्षं मी लोकांना तुमचं नाव सांगितलं. देवमाणूस म्हणून." आवाज चढवला नाही तिनं. "आता हे पत्र उघडलंच नसतं तर? तर दुसरं कुणीतरी असंच बाहेर येऊन म्हणालं असतं, आम्ही खूप प्रयत्न केले. आणि मी त्यांचाही हात धरून रडले असते."

सही करायला काढलेलं पेन त्यांच्या हातात तसंच होतं.

मग ती माझ्याकडे वळली. मी भिंतीला टेकून उभी होते, कागद छातीशी धरून. ती उठून आली आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. बोटांची टोकं सुईनं खरखरीत झालेली. "ताई," म्हणाली, "तुमच्यामुळे वाचला माझा मुलगा. तुम्ही होतात म्हणून." आणि तिला रडू फुटलं.

माझा हात तिच्या हातात होता. म्हातारे डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. नुसते पाहत होते, दुसरं काही नाही.

"ताई, तुम्ही आधी बसा," मी तिला म्हटलं. "मला पण तुम्हाला एक सांगायचंय. मग साहेबांकडे जाऊन तेच सांगणार आहे."

डॉक्टर जायला उठले होते, ते परत खाली बसले.